भाडेपट्ट्याची तार आणि तिच्या बिघाडाचा शोध

दूरच्या माणसाशीं बोलावयाचें म्हणजे मध्यें कांहीं तरी वाट पाहिजे. टपालवाल्यास रस्ता लागतो. तारेच्या संदेशास तांब्याची तार लागत असे. आणि आज बँका, रुग्णालयें, रेल्वे व महाविद्यालयें यांचे हिशेब व कागदपत्र ज्या वाटांनीं रात्रंदिवस जा-ये करितात, त्यांपैकीं एका महत्त्वाच्या वाटेस लीज्ड लाइन, म्हणजे भाडेपट्ट्यानें घेतलेली तार, असें म्हणतात. ही वाट बंद पडली असतां बिघाड कोठें आहे हें कसें हुडकून काढितात, त्याची हकीकत विद्यार्थी बंधुभगिनींस व त्यांच्या वडील मंडळींस सांगावयाचें आम्हीं प्रस्तुत लेखांत योजिलें आहे.

प्रथम ही तार म्हणजे काय तें पाहूं. साध्या टेलिफोनवर आपण नंबर लावितों, तेव्हां बोलणें चालू असेपर्यंतच दोन घरांमध्यें वाट बांधिली जाते, आणि फोन ठेवितांच ती मोडते. भाडेपट्ट्याची तार तशी नसते. ती दोन ठराविक ठिकाणांमध्यें चोवीस तास जोडलेलीच राहते, आणि जितकी रुंदी भाड्यानें घेतली तितकी दुसऱ्या कोणास वांटून दिली जात नाहीं. भाडें मात्र, तिचा उपयोग करा अगर न करा, भरावेंच लागतें. आपल्या देशांत 15 ऑगस्ट 1995 रोजीं विदेश संचार निगमानें सामान्य लोकांस इंटरनेट खुलें केलें, आणि त्यानंतरच्या वर्षांत अशा तारा कचेऱ्याकचेऱ्यांतून जाऊन पोंचल्या.

ह्या तारेची रुंदी मोजण्याचें एक माप विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. माणसाच्या आवाजाचे दर सेकंदास 8,000 नमुने घेतले व प्रत्येक नमुना शून्य आणि एक ह्यांच्या 8 अंकांनीं लिहिला, तर एका संभाषणास सेकंदास 64,000 अंक लागतात. ह्या अंकास बिट म्हणतात. अशा 32 वाटा एकत्र बांधिल्या म्हणजे सेकंदास 20,48,000 बिट वाहून नेणारी तार होते; तिला आपल्याकडे दोन मेगाबिटची किंवा ई-वन लाइन म्हणतात. 32 वाटांपैकीं पहिली वाट मोजणीचा आरंभ कोठें आहे हें दाखविण्यासाठीं राखून ठेविलेली असते. अलीकडे तांब्याच्या जागीं कांचेचे तंतु आले आहेत व वेग कित्येक पटींनीं वाढला आहे. तथापि तपासाची जी रीत ई-वन लाइनच्या काळांत बसली, तीच आजही उपयोगी पडते. म्हणून आम्ही उदाहरण तिचेंच घेतों.

तारेच्या प्रत्येक टोंकास राउटर नांवाचें यंत्र असतें. त्यास मराठींत वाटाड्या म्हणावयास हरकत नाहीं. टपाल कचेरींत पत्रावरील पत्ता वाचून तें कोणत्या थैलींत टाकावयाचें हें जसें ठरवितात, तसें राउटर माहितीच्या प्रत्येक पुडक्यावरील पत्ता वाचून तें कोणत्या वाटेनें धाडावें हें ठरवितो. राउटर एका केबलनें मोडेमास जोडलेला असतो. मोडेमापासून गांवच्या एक्स्चेंजपर्यंत एक तार जाते. तेथून दूरच्या एक्स्चेंजपर्यंत मुख्य वाट. मग पलीकडील तार, पलीकडील मोडेम, पलीकडील केबल आणि शेवटीं पलीकडील राउटर. अशी ही नऊ दुव्यांची सांखळी आहे. तिचा कोणताही एक दुवा निखळला तरी दोन्ही टोंकांच्या माणसांस दिसतें तें एकच, कीं काम बंद आहे.

आतां अशी कल्पना करूं कीं, तालुक्याच्या गांवीं एका बँकेची शाखा आहे, तिची मुख्य कचेरी पुण्यास आहे, आणि महिन्याच्या पहिल्या तारखेस सकाळीं ही तार बंद पडली आहे. निवृत्तिवेतन घेण्यास आलेलीं म्हातारीं माणसें ओट्यावर बसलीं आहेत. कोणास औषध घ्यावयाचें आहे, कोणास परतीची एस. टी. गांठावयाची आहे. प्रत्येकाच्या खात्यांत पैसा आहे, पण तो आहे असें सांगणारी वाट बंद आहे. अशा वेळीं कचेरींत जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवूं लागतो. बँक म्हणते दोष तारेच्या कंपनीचा. कंपनी म्हणते दोष राउटरचा. राउटर बसविणारा म्हणतो दोष विजेचा. दोष कोणाचा, ह्या प्रश्नावर तास गेला तरी म्हाताऱ्या माणसांची रांग तसूभरही पुढें सरकत नाहीं. जाणता मनुष्य दुसराच प्रश्न विचारतो: दोष कोठें आहे? आणि ह्या प्रश्नाचें उत्तर तर्कानें न देतां तपासून देतो.

तपासाची पहिली पायरी अगदीं साधी, आणि साधी म्हणूनच लोक ती गाळतात. बंद काय आहे? एकाच टेबलावरचा संगणक, कीं सारी शाखा? एकच संगणक बंद असेल तर तारेस हात लावण्याचें कारणच नाहीं. सारी शाखा बंद असेल तर राउटर व मोडेम ह्यांस वीज मिळते काय, त्यांवरील दिवे नेहमींप्रमाणें लागले आहेत काय, केबल दोन्हीकडे घट्ट बसली आहे काय, आणि काल संध्याकाळपासून कोणी कांहीं हलविलें, बदललें किंवा साफ केलें काय, हें पाहावें. झाडतांना टेबल सरकलें आणि केबल सैल झाली, एवढ्यासाठीं कंपनीच्या माणसास साठ किलोमीटर यावयास लावणें, ह्यांत दोघांचीही हानि आहे.

येवढ्यानें उलगडा झाला नाहीं, तर मग राउटरलाच विचारावें. राउटर हें मोठें प्रामाणिक यंत्र आहे; त्याला जें दिसतें तें तो सांगतो, आणि जें दिसत नाहीं त्याविषयीं अनुमान बांधीत नाहीं. सिस्को कंपनीच्या राउटरवर तारेची स्थिति विचारिली असतां तो दोन शब्दांत उत्तर देतो. पहिला शब्द तारेविषयीं असतो, म्हणजे मोडेमाकडून तार जिवंत असल्याची खूण येते कीं नाहीं. दुसरा शब्द संभाषणाविषयीं असतो, म्हणजे पलीकडचा राउटर आपल्या हाकेस ओ देतो कीं नाहीं. ही हाक राउटर सामान्यतः दर 10 सेकंदांनीं देत असतो, आणि लागोपाठ तीन हाका वायां गेल्या म्हणजे संभाषण तुटलें असें ठरवितो.

ह्या दोन शब्दांच्या निरनिराळ्या जोड्यांवरून पुष्कळ अर्थ निघतो. दोन्ही ‘डाउन’ असतील, तर मोडेमाची खूणच राउटरपर्यंत पोंचत नाहीं. तेव्हां केबल, मोडेम किंवा एक्स्चेंजची तार ह्यांकडे पाहावें. पहिला ‘अप’ व दुसरा ‘डाउन’ असेल, तर खूण येते पण बोलणें होत नाहीं. ह्याचें एक कारण असें कीं, दोन टोंकांस दोन निराळ्या बोली लाविलेल्या असतात. एक राउटर एच. डी. एल. सी. नांवाच्या पद्धतीनें बोलतो, दुसरा पी. पी. पी. नांवाच्या. एकानें कानडी बोलावें व दुसऱ्यानें गुजराथी, आणि दोघांनींही समोरचा मुका आहे असें समजावें, तसा हा प्रकार होय. दुसरें कारण पलीकडचा राउटर बंद असणें. तिसरें, पुढची वाट कोठें तरी तुटलेली असणें. कधीं कधीं राउटर असेंही सांगतो कीं, ही वाट कारभाऱ्यानेंच बंद केली आहे. म्हणजे कोणी तरी आज्ञा देऊन ती मिटली व पुन्हां उघडावयाची राहून गेली. अशा वेळीं एका आज्ञेनें काम होतें. शेवटीं, दोन्ही शब्द ‘अप’ असूनही काम होत नसेल, तर तारेची प्रकृति तपासावी लागते. तें पुढें पाहूं.

पहिला ‘अप’ व दुसरा ‘डाउन’ असतांना नऊ दुव्यांपैकीं दोषी दुवा कोणता हें कसें ओळखावें? एका टोंकापासून एकेक दुवा तपासूं लागल्यास आठ तपासण्या लागूं शकतात. परंतु सांखळीच्या मध्यावर पाहून जो अर्धा भाग निर्दोष ठरेल तो वगळीत गेल्यास चार तपासण्या पुरतात. हें ज्या युक्तीनें साधतात तिला लूपबॅक म्हणतात. आपण तिला माघारी फेरा म्हणूं. डोंगराच्या कड्यासमोर उभें राहून हाक मारिली कीं आपलीच हाक परत येते. तसें मोडेमास सांगतां येतें कीं, राउटरकडून जें येईल तें पुढें न धाडितां जसेंच्या तसें परत फिरव. मग राउटरास स्वतःचीच हाक ऐकूं येते. पी. पी. पी. पद्धतींत प्रत्येक राउटर स्वतःपुरता एक यदृच्छेनें आंकडा निवडतो. तोच आंकडा परत आला, कीं समोर दुसरा कोणी नसून हा आपलाच प्रतिध्वनि आहे हें त्यास कळतें. ही पद्धति 1994 सालीं आर. एफ. सी. 1661 ह्या लेखानें आजच्या रूपांत ठरविण्यांत आली.

जवळच्या मोडेमापासून फेरा दिला व हाक स्वच्छ परत आली, तर आपला राउटर, केबल व मोडेमाची आपल्याकडील बाजू हीं निर्दोष ठरलीं. मग एक्स्चेंजमधून फेरा देण्यास सांगावें; तेथूनही हाक आली तर गांवांतील तार निर्दोष ठरली. मग दूरच्या मोडेमापासून. ज्या फेऱ्यास हाक येत होती आणि ज्या फेऱ्यास ती आली नाहीं, त्या दोहोंच्या मध्यें बिघाड सांपडलाच पाहिजे. येथें वाद घालावयास जागा राहत नाहीं. एक सूचना मात्र विसरूं नये: तपास संपल्यावर फेरा काढून घ्यावा. तो तसाच राहिला तर दुरुस्त झालेली तारही बंदच दिसते, आणि नवा बिघाड शोधण्यांत दुसरा दिवस जातो.

आतां दुसरी जात पाहूं. तार चालू आहे, पण काम रडतखडत चालतें; एक व्यवहार होतो, दुसरा अडतो. येथें राउटर जो ताळा ठेवितो तो कामीं येतो. गुणाकार बरोबर आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं नवानें भागून ताळा पाहण्याची रीत आपल्या आजोबांस ठाऊक होती. त्याच जातीची, परंतु पुष्कळ अधिक कसोशीची रीत माहितीच्या पुडक्यांस लावितात, तिला सी. आर. सी. म्हणतात, आणि ती डब्ल्यू. वेस्ली पीटरसन ह्या अमेरिकन गणितज्ञानें 1961 सालीं मांडिली. धाडणारा राउटर पुडक्यांतील अंकांस एका ठराविक भाजकानें भागून बाकी शेवटीं जोडून देतो. घेणारा तोच भागाकार पुन्हां करितो; बाकी जुळली नाहीं तर पुडकें वाटेंत बिघडलें असें समजून टाकून देतो व मोजणींत एक वाढवितो. ही मोजणी झपाट्यानें वाढूं लागली कीं तारेंत गोंगाट आहे, सांधा गंजला आहे, किंवा घड्याळें जुळत नाहींत, असें समजावें. येथें मोजणीचा नुसता आंकडा पाहून भागत नाहीं. तो शून्यावर आणून दहा मिनिटांनीं पुन्हां पाहावा. कारण गेल्या पावसाळ्यांतील चुकाही त्यांतच मिळालेल्या असूं शकतात.

घड्याळांची गोष्ट मोठी मौजेची आहे. शून्य व एक हे अंक ठराविक तालावर येतात, म्हणून दोन्ही टोंकांनीं एकच ताल धरिला पाहिजे. दोन टोंकांच्या घड्याळांत दहा लाखांत एक इतकाच फरक असला, तरी सेकंदास सुमारें दोन बिटांची तफावत पडते, आणि 125 सेकंदांनीं 256 बिटांची एक पूर्ण चौकट गळते किंवा दोनदां वाचिली जाते. म्हणून नियमित अंतरानें चुका पडत असल्या तर तारेस दोष न देतां प्रथम घड्याळाकडे पाहावें. ताल एकानेंच द्यावा व इतरांनीं तो घ्यावा, हा नियम होय. भजनांत दोन मृदंग आपापल्या लयीनें वाजूं लागले तर काय होईल हें वाचकांस सांगावयास नको.

कित्येकदां तार साधें काम नीट करिते, पण विशिष्ट मजकुरावर अडखळते. लांबलचक शून्यें आलीं म्हणजे तारेवर स्पंदच राहत नाहीं, आणि स्पंदांवरूनच ताल ओळखणाऱ्या पलीकडच्या यंत्राचा ताल चुकतो. ह्यावर उपाय म्हणून ई-वन लाइनवर लागोपाठ चार शून्यें आलीं कीं त्यांच्या जागीं एक ओळखीची खूण घालण्याची पद्धत आहे. ती एका टोंकास असून दुसऱ्यास नसेल, तर असा विचित्र बिघाड उत्पन्न होतो. म्हणून तपासणारा जाणून बुजून निव्वळ शून्यांचीं, मग निव्वळ एकांचीं पुडकीं धाडून पाहतो.

पुडकें धाडून उत्तराची वाट पाहण्याच्या ह्या साधनास पिंग म्हणतात. अमेरिकेंतील माइक मूस ह्यांनीं तें डिसेंबर 1983 मध्यें लिहिलें, आणि पाण्याखालीं प्रतिध्वनीनें पाणबुडी शोधणाऱ्या यंत्राच्या आवाजावरून त्याचें नांव ठेविलें. उत्तर आलें, एवढ्यावर न थांबतां किती वेळांत आलें हेंही पाहावें. कांचेच्या तंतूंत प्रकाश सेकंदास सुमारें 2 लक्ष किलोमीटर जातो. पुण्याहून नागपुरापर्यंतची वाट 700 किलोमीटर धरिली, तर जाऊन येण्यास सेकंदाचे सात हजारांश भाग लागतील. 1,500 अक्षरांचें मोठें पुडकें दोन मेगाबिटच्या तारेवर चढण्यासच सुमारें सहा हजारांश लागतात. अशीं पन्नास पुडकीं रांगेंत असलीं तर पन्नासाव्यास सेकंदाच्या जवळ जवळ तीन दशांश भाग खोळंबावें लागतें. तेव्हां उशीर झाला म्हणजे बिघाडच असें नव्हे. कधीं कधीं कोणी तरी कचेरीच्या तारेवर मोठा चित्रपट उतरवून घेत असतो, आणि तारेस नांवें ठेविलीं जातात.

बिघाडाचें स्थळ मापून काढण्याची ही विद्या आजची नव्हे. ती तारायंत्राच्या काळापासूनची आहे. ज्या तारेचा विद्युत्‌रोध दर मैलास 10 ओहम आहे, ती कोठें तरी जमिनीस टेकली असून कचेरींतून 370 ओहम रोध मोजला गेला, तर दोष सुमारें 37 मैलांवर असला पाहिजे. टेकलेल्या जागेचा रोध वजा करितां यावा म्हणून दुसऱ्या टोंकाकडूनही माप घेत असत. मुंबई व एडन ह्यांमध्यें 1870 सालीं ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजानें समुद्रांतून केबल टाकिली. अशा समुद्रतळींच्या केबलींचे दोषही ह्याच जातीच्या मापांनीं शोधीत असत. आपल्या देशांतील तारेची सेवा जुलै 2013 मध्यें बंद झाली, पण ही रीत निराळ्या रूपानें राहिली आहे. आज कांचेच्या तंतूंत प्रकाशाचा एक सूक्ष्म स्पंद सोडितात. तुटलेल्या जागेवरून तो परत फिरतो. त्यास सेकंदाचा दहा हजारावा भाग लागला तर जाऊन येऊन 20 किलोमीटर झाले, अर्थात् तंतु 10 किलोमीटरांवर तुटला आहे. रस्ता खोदणाऱ्या यंत्रानें तो तोडिला असेल, तर दुरुस्ती करणारीं माणसें नेमक्या त्या जागीं जाऊन उभीं राहतात.

दोष न शोधतां उपाय केल्यास काय होतें, ह्याचेंही उदाहरण तारायंत्राच्या इतिहासांत आहे. 1858 सालीं आटलांटिक महासागरांतून पहिली केबल पार पडली. त्या ऑगस्टमध्यें राणी व्हिक्टोरियाचा 98 शब्दांचा संदेश पलीकडे जाण्यास सुमारें 16 तास लागले. केबल मुळांतच सदोष होती व खुणा फार क्षीण येत होत्या. तेव्हां वाइल्डमन व्हाइटहाउस ह्या अधिकाऱ्यानें सुमारें 2,000 व्होल्टांच्या दाबानें वीज लोटून खुणा बळकट करण्याचा प्रयत्न केला, आणि थोड्याच आठवड्यांत ती केबल कायमची मुकी झाली. त्याच कामावर असलेले विल्यम टॉमसन, जे पुढें लॉर्ड केल्व्हिन ह्या नांवानें प्रसिद्धीस आले, ह्यांचा मार्ग निराळा होता: जोर वाढवूं नये, तर क्षीण खूण वाचतां येईल असें नाजूक यंत्र करावें. 1866 सालीं जी केबल कायमची यशस्वी झाली, तिच्यावर त्यांच्याच रीतीनें संदेश वाचीत असत.

आजच्या कचेरींतही व्हाइटहाउसचा मार्ग पुष्कळांस आवडतो. तार बंद पडतांच राउटर बंद करून चालू करणें, सर्व केबली उपसणें, जोडणीचे शब्द भराभर बदलणें, असे चार उपाय एकदम केले जातात. त्यांतील एखाद्यानें काम सुरू झालें तरी कशानें झालें हें कळत नाहीं. आणि राउटरानें मोजून ठेविलेल्या चुकांचा पुरावाही त्या गडबडींत पुसला जातो. म्हणून नियम असा कीं, एका वेळीं एकच बदल करावा, त्याचा परिणाम पाहावा, उपयोग न झाल्यास तो बदल मागें घ्यावा, आणि केलेलें सर्व वेळेसह वहींत लिहावें.

ह्या वहीचा उपयोग कंपनीस कळवितांना होतो. ‘तुमची तार बंद आहे’ असें सांगितलें तर पलीकडचा मनुष्य पुन्हां पहिल्यापासून आरंभ करितो. परंतु ‘सकाळीं नऊ वाजून दहा मिनिटांनीं तार बंद पडली, मोडेमाचा माघारी फेरा स्वच्छ आला, एक्स्चेंजचा आला नाहीं’, असें सांगितलें, तर बिघाड मोडेम व एक्स्चेंज ह्यांच्या मध्यें आहे हें त्यास ऐकतांक्षणींच कळतें, आणि तो नेमकीं अवजारें घेऊन नेमक्या जागीं जातो. तक्रारीचा स्वर चढला नाहीं तरी चालेल; ती कोठें बोट ठेविते हें महत्त्वाचें. आमच्या कल्पनेंतील त्या शाखेंत असा एक शांत मनुष्य असला, तर ओट्यावर बसलेल्या आजीबाईंस दुपारच्या एस. टी. पूर्वीं पैसे मिळण्याचा संभव पुष्कळच वाढतो.

विद्यार्थीजनहो, तुमच्यापैकीं थोडेच पुढें तारा व राउटर ह्यांचें काम करतील. परंतु भूमितींतील प्रमेय चुकलें, सायकल अडली, घरच्या विहिरीचा पंप पाणी ओढीनासा झाला, तरी रीत हीच आहे: कोठपर्यंत ठीक आहे तें प्रथम पाहा, कोठून पुढें ठीक नाहीं तें मग पाहा, आणि ह्या दोहोंच्या मधल्या जागेवर दिवा धरा. घरांतील दिवा गेला असतां वडील मंडळींनीं मुलांस एकदां हा तपास करावयास लावावा. फ्यूजच्या पेटीस मात्र मोठ्यांनींच, मुख्य बटण बंद करून, हात लावावा.